नकार देणाऱ्याच्या घरची सभा

मानवजातीच्या इतिहासात माणसानं जंगलाला पहिल्यांदा मताचा अधिकार दिला तो गडचिरोली जिल्ह्यातल्या कोहकाटोला या एकोणसाठ घरांच्या गावात. चैत्रातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, युगानुयुगं मुकं राहिलेलं अरण्य ग्रामसभेत बोलणार होतं आणि माणूस ते ऐकणार होता. माणूस वेळेवर आला. अरण्य आलं नाही. अरण्याची बॅटरी उतरली होती, कारण तिला ऊन पुरवणाऱ्या सोलर पॅनेलवर जैनीबाई हलामीनं मोहाची फुलं वाळत घातली होती.

"जागा स्वच्छ होती, उन्हात होती, आन् कोंबड्या चढत नव्हत्या," जैनीबाईनं भर सभेत सांगितलं. "याच्यापरीस चांगली जागा गावात दाखवा, आत्ता फुलं उचलते."

सभेला तशी जागा दाखवता आली नाही. फुलं वाळेपर्यंत, म्हणजे तीन दिवस, इतिहास पुढं ढकलण्यात आला.

जैनीबाईला दटावायची सोय गावात नव्हती. ती सहासष्ट वर्षांची होती आणि त्यातली चाळीस वर्षं तिनं दाईचं काम केलं होतं. चाळिशीच्या आतलं बहुतेक गाव तिच्या हातांतून जगात आलं होतं. ग्रामसभेचा अध्यक्ष चैतू उसेंडी तर पायांकडून आला होता, तोही दीड दिवस सगळ्यांना ताटकळत ठेवून. ही हकिगत जैनीबाईला तपशिलासकट आठवत असल्यानं चैतू तिच्यासमोर लांब भाषण करत नसे.

पेटी आणली होती तिच्याच लेकीनं. ऊर्मिला शिकायला बाहेर गेली तेव्हा ती येताना जावई आणील असा गावाचा अंदाज होता. ती डॉक्टरेट आणि एक हिरवी पेटी घेऊन आली. गावानं फार मनाला लावून घेतलं नाही. पेटीलाच जावई म्हणायला सुरुवात केली. त्यात चूकही काही नव्हती. तिला सभेत मधोमध बसवावं लागे, प्रत्येक गोष्टीत तिला विचारावं लागे, आणि ती काहीही बोलली तरी तिला उलटून बोलता येत नसे.

ही पेटी काय करायची ते इथंच सांगून टाकू, म्हणजे पुढं कोणी अडणार नाही. झाड मुकं असतं हा आपला एक सोयीचा समज आहे. अळीनं पान कुरतडलं की विजेची एक बारीक लहर देठातून निघते आणि दुसऱ्या पानांना खबर देते. पाणी कमी पडलं की खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये बुडबुडे फुटतात. त्याचा आवाज आपल्या कानांच्या पट्टीच्या वरचा, म्हणून आपल्याला रानात शांत वाटतं. जखम झाली की पानं एक वास सोडतात आणि शेजारचं झाड तो ओळखून आपली पानं आधीच कडवट करून ठेवतं. ऊर्मिलानं कोहकाटोल्याच्या जंगलात तीनशे चाळीस झाडांच्या खोडांना आणि मुळांना केसाएवढ्या सुया आणि नखाएवढ्या वास ओळखणाऱ्या चकत्या लावल्या होत्या. बारा वर्षांच्या नोंदी पेटीला शिकवल्या होत्या. कोणत्या लहरीनंतर काय झालं, कोणत्या वासानंतर झाड वाळलं, कोणत्या आवाजानंतर सावरलं, हे ताडून पेटी एक आकडा काढायची. त्याचं नाव समाधान अंक. शून्य म्हणजे झाड संकटात, शंभर म्हणजे झाड मजेत. गावानं एखादी गोष्ट करायची ठरवली की पेटी तिचा अंकावर काय परिणाम होईल ते बघायची आणि सरकारी मराठीत "सहमती" किंवा "असहमती" सांगायची.

थोडक्यात, पेटी झाडाची भाषा बोलत नव्हती. झाडाची नाडी बघून अंदाज सांगत होती. हा फरक ऊर्मिला प्रत्येक भाषणात सांगायची आणि प्रत्येक वर्तमानपत्र तो गाळायचं.

आता गावाची रीत. कोहकाटोल्यात हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं एकमत झालं तरच ठराव होतो. एकानंही नाही म्हटलं तर त्याला कोणी दमात घेत नाही की गळ घालत नाही. पुढची सभा मात्र त्याच्या घरी भरते. सगळं गाव त्याच्या अंगणात जाऊन बसतं. तो नाही का म्हणतो ते त्याच्या अंगणातून दिसतं, हा त्यामागचा विचार. आणि सगळ्यांना प्यायला पाणी त्यानं द्यायचं असल्यानं उगाच नाही म्हणणारे कमी होतात, हा त्यामागचा अनुभव. शिवाय, ज्याला विषयातलं कळत नाही त्यानं सरळ "माहीत नाही" म्हणायचं आणि ज्याला कळतं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. त्यानं ठराव अडत नाही. अध्यक्ष होईपर्यंत चैतूनं या सवलतीचा भरपूर लाभ घेतला होता.

पहिले सात महिने जावई गुणी निघाला. उन्हाळ्यात त्यानं नाल्याकाठची कहूची, म्हणजे अर्जुनाची, झाडं तहानलेली आहेत असं पानं मलूल होण्याच्या पंधरा दिवस आधी सांगितलं. गावानं वरचा बांध फोडून पाणी सोडलं, झाडं वाचली. लग्नाच्या मांडवाला डहाळ्या तोडू का विचारलं तर म्हणाला, "सहमती. जांभळाच्या घ्याव्यात, मोहाच्या घेऊ नयेत." म्हातारी माणसं खूश झाली. तीही वर्षानुवर्षं तेच सांगत होती. फक्त त्यांना कोणी सोलर पॅनेल दिलं नव्हतं. जैनीबाईसुद्धा येता-जाता पेटीवरची धूळ पदरानं पुसू लागली.

मग कार्तिक आला आणि जैनीबाईनं ठराव मांडला.

"उत्तरेच्या पहाडीवरचा बांबू यंदा फुलनार हाय," ती म्हणाली. "फुलायच्या आधी पिकलेला सारा बांबू काढून घ्या. मधे मधे रुंद पट्टे साफ करा. बियासाठी सात रांज्या ठेवा. आन् धान्याच्या कोठ्या आतापासून लिंपून घ्या."

रांजी म्हणजे एका मुळावर वाढलेलं बांबूचं कुटुंब. आणि बांबूचं फुलणं म्हणजे कौतुकाचा प्रसंग नव्हे. बांबू जन्मात एकदाच फुलतो, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, तोही सगळी पहाडी मिळून. फुलला की मरतो. त्याचं बी भातासारखं असतं. ते खाऊन उंदीर माजतात आणि बी संपलं की गावात उतरतात. मागं उभा राहतो तो नुसता वाळका बांबू, ठिणगीची वाट बघत. जैनीबाईनं हे एकदा पाहिलं होतं, बाविसाव्या वर्षी, नवी सून असताना. त्या साली उंदरांनी पाळण्यातल्या एका पोराचा कान कुरतडला होता आणि चैत्रात पहाडी सहा दिवस जळत होती. सातव्या दिवशी गावातली अकरा घरं गेली. ज्यांनी हे जाणत्या वयात पाहिलं होतं अशी गावात आता तीन माणसं उरली होती, आणि उरलेल्या दोघांना ऐकू येत नव्हतं.

चैतूनं एकेकाला विचारलं. सगळे हो म्हणाले. शेवटी त्यानं पेटीकडं तोंड वळवलं.

"असहमती," पेटी म्हणाली. "बांबू समाधानी आहे. समाधान अंक सत्त्याण्णव."

सभेत कुजबुज झाली. सत्त्याण्णव गुण कोहकाटोल्यात आजवर कोणालाच पडले नव्हते.

"नकार आला," चैतू म्हणाला. "पुढची सभा आठ दिवसांनी. रीतीनं."

नेमकी हीच सभा बघायला मुंबईहून प्रधान सचिव टिळेकर येणार होते. त्यांना ती पटली की दोनशे गावांच्या जंगलांना अशाच पेट्या मिळणार होत्या.

*

त्या दुपारी जैनीबाई अंगणात बरबटीच्या शेंगा सोलत बसली होती. ऊर्मिला समोर येऊन बसली आणि न सांगता तिनंही शेंगा ओढल्या. ती शेंगा ओढते तेव्हा तिला काहीतरी मागायचं असतं हे जैनीबाईला ती चार वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. माय-लेकींचं बोलणं गोंडीत झालं. इथं ते मराठीत दिलं आहे, त्यामुळे टोमणे जरा सौम्य वाटतील.

"आई, सत्त्याण्णव हा बारा वर्षांतला सगळ्यात मोठा अंक आहे."

"असंल."

"म्हणजे बांबू इतका निरोगी कधीच नव्हता. रसात साखर भरपूर, ताण नाही, कीड नाही. आणि तू म्हणतेस तो मरणार."

"नववा महिना लागलेली बाई कशी दिसते?" जैनीबाईनं विचारलं.

"कशी?"

"भरलेली. तोंडावर तेज. सगळ्या बायांत उठून दिसते. म्हणून काय चुलीवर पाणी ठेवायचं नाही?"

"हा पुरावा नाही, आई."

"बरं. यंदाच्या पावसाळ्यात तू वास्ते खाल्ले?"

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ऊर्मिलाला लहानपणापासून त्यांची भाजी फार आवडायची.

"नाही खाल्ले. तू केलेच नाहीस."

"केले नाही, कारण आले नाहीत. पुऱ्या पहाडीवर एक नाही. जो बांबू पोरं घालणं थांबवतो तो सगळं पोटात साठवतो. तुझी आजी मला हेच दाखवून गेली. आणि ही बघ." तिनं दाराशी टेकवलेला बांबू उचलून जमिनीवर आपटला. पिठासारखी पांढरी भुकटी सांडली. "महिन्यापूर्वी तोडला. एरवी दोन वर्षं भुंगा लागत नाही. आतून गोड झालाय तो. भुंग्याला कळलं, तुझ्या पेटीला नाही कळलं."

ऊर्मिलानं भुकटी बोटावर घेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "असेलही. पण ठराव आठ दिवस मागं घे. साहेब येऊन बघून जाऊ देत. मग पुन्हा मांड. माझी बारा वर्षं आहेत त्यात."

"आठ दिवसांनी पुढचे आठ दिवस निघतील. त्या पहाडीखाली एकोणसाठ घरं आहेत."

"म्हणजे सगळ्या जगासमोर माझ्याच आईनं माझं यंत्र खोटं पाडायचं."

"मी कुठं खोटं पाडते? नाही तो म्हणाला. मी तर हो म्हणतेय."

ऊर्मिला उठून आत गेली. शेंगा अर्ध्याच सोललेल्या राहिल्या.

पुढचे तीन दिवस दोघींचं बोलणं पेटीमार्फत चाललं. ऊर्मिला तिच्या तारा तपासत असली की जैनीबाई चुलीपासून ओरडायची, "जावईबापू, तिला सांगा, भात झाला."

"असहमती," पेटी म्हणायची.

"बघा, भातालाही नाही म्हणतो."

शेजारणी हसून हसून बेजार झाल्या. ऊर्मिला मात्र हसली नाही. जैनीबाईनं ते पाहिलं. लेकीचा चेहरा रागावल्यासारखा नव्हता. काहीतरी लपवलेलं सापडल्यासारखा होता. दाईनं असा चेहरा हजारदा पाहिलेला असतो, आणि कधी काही विचारायचं नाही हेही तिला ठाऊक असतं.

*

टिळेकरसाहेब उमदे गृहस्थ होते. ते तीन गाड्या, दोन कॅमेरे आणि एक लिहिलेलं भाषण घेऊन आले. समाजमंदिरात खुर्च्या, पडदा, हारतुरे असं सगळं मांडलेलं होतं. साहेब पहिल्या खुर्चीत बसले.

"सभा इथं नाही, जी," चैतू म्हणाला.

"मग?"

"ज्यानं नाही म्हटलं त्याच्या घरी. आमची रीत हाय."

"उत्तम रीत! कोणी नाही म्हटलं?"

"जंगलानं."

साहेबांनी ऊर्मिलाकडं पाहिलं. ऊर्मिलानं जमिनीकडं पाहिलं. साहेबांनी मग आपल्या बुटांकडं पाहिलं, ते नवे होते.

"किती लांब आहे घर?"

"हे काय, जवळच," चैतू म्हणाला. गावात जवळच म्हणजे तीन किलोमीटर.

अशा रीतीनं गाव, शासन आणि दोन कॅमेरे पहाडी चढले. पुढं पेटी, तिच्यामागं प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेतलेले चारजण, त्यामागं टिळेकरसाहेब. वाटेत त्यांचं भाषण खिशातून पडलं. एका बाईनं ते उचलून त्यात आवळे बांधून त्यांना परत दिलं. यजमानानं पाणी द्यायचं असतं, आणि यजमान इथं जंगल होतं, म्हणून जैनीबाई सगळ्यांना आधी झऱ्यावर घेऊन गेली. साहेब ओंजळीनं पाणी प्यायले आणि आवळा खाऊन पुन्हा प्यायले. दुसरं पाणी गोड लागलं म्हणून ते लहान मुलासारखे हसले. जैनीबाईला तो माणूस तिथून आवडला.

रांज्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सभा बसली. खुर्च्या उतारावर टिकेनात, तेव्हा साहेबही जमिनीवर बसले. बांबू खरोखर देखणा दिसत होता. हिरवागार, ताठ, सत्त्याण्णव गुणांचा.

चैतूनं ठराव पुन्हा वाचला आणि पेटीला विचारलं.

"असहमती. बांबू समाधानी आहे. समाधान अंक सत्त्याण्णव."

"बघा," साहेब कौतुकानं म्हणाले. "किती ठाम!"

"साहेब, मी त्याले दोन गोष्टी विचारू?" जैनीबाई उभी राहिली. "घरचा हाय म्हून."

"विचारा ना, आजी."

ती पेटीसमोर उकिडवी बसली. "जावईबापू, यंदा पहाडीवर नवे वास्ते किती आले?"

"शून्य," पेटी म्हणाली.

"गेल्या साली?"

"एक हजार दोनशे बारा."

गावातल्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांना हे ठाऊक होतं, पण आकडा आज पहिल्यांदा ऐकला.

"मंग यंदा काहून नाही आले?"

"असहमती," पेटी म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं.

"बांबू फुलताना पायला का तू कधी?"

"असहमती. समाधान अंक सत्त्याण्णव."

आता सगळी सभा हसली. कॅमेरावालाही हसला आणि चित्र हललं. टिळेकरसाहेब मात्र हसले नाहीत. ते एकतीस वर्षं नोकरीत होते आणि भलत्याच प्रश्नाला ठाम उत्तर आलं की त्याखाली काय दडलेलं असतं हे त्यांना चांगलं कळत होतं. "डॉक्टर हलामी," ते म्हणाले, "हे असं का बोलतंय?"

ऊर्मिलाचे कान लाल झाले.

"नेटवर्क नसंल, जी," चैतू मदतीला धावला. "इथं नेटवर्कचा लय त्रास हाय."

"हो हो, नेटवर्क," साहेबांबरोबरचा एकजण म्हणाला. "डोंगरात होतं असं."

सगळे तिच्यासाठी दार उघडून उभे होते. तिनं नुसती मान हलवायची होती; दोनशे गावं, बारा वर्षं, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. जैनीबाईनं लेकीच्या लाल कानांकडं पाहिलं. ती सहा वर्षांची असताना पाटी फुटली होती तेव्हा असेच झाले होते. जैनीबाईच्या मनात आलं, सोडून द्यावं. म्हणावं, घेते ठराव मागं. उंदीर आले तर कोठ्या आपणच लिंपू, आग लागली तर आपणच धावू; म्हातारीचं काय राहिलंय. पण पाळण्यातल्या त्या पोराचा कान तिला आठवला, आणि तरीही तिचं तोंड ठराव मागं घेण्यासाठी उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळत नव्हतं की थांबायचं की जोर लावायचा.

"नेटवर्क ठीक आहे," ऊर्मिला म्हणाली.

जैनीबाईनं तोंड मिटलं.

"त्याला माहीत नाही, साहेब. त्याच्याकडं बारा वर्षांच्या नोंदी आहेत. हा बांबू फुलतो चव्वेचाळीस वर्षांनी. त्यानं फुलणं कधी पाहिलेलंच नाही, म्हणून साठवलेल्या साखरेला तो समाधान समजतो. आणि जे त्याला कळत नाही त्याला तो असहमती म्हणतो. कारण मी तसं बसवलंय." तिनं श्वास घेतला. "सुरुवातीला त्याला तिसरं उत्तर होतं. माहीत नाही. पण मंजुरीसाठी भरायच्या सरकारी नमुन्यात दोनच चौकोन होते, सहमती आणि असहमती. तिसरं उत्तर आलं की अर्ज परत यायचा. तीनदा परत आला. चौथ्यांदा मी ते काढून टाकलं. म्हटलं, कळत नसेल तिथं नाही म्हणू दे, म्हणजे निदान झाड तरी तुटणार नाही. भाताला तो नाही म्हणाला तेव्हाच मला सांगायला हवं होतं."

पहाडीवर शांतता पसरली. म्हणजे आपल्याला ऐकू येते तेवढी.

"तो नमुना कोणी केला होता?" टिळेकरसाहेबांनी विचारलं.

बरोबरच्या माणसानं घसा साफ केला. "आपल्याच सहीचा आहे, सर."

साहेबांनी आवळ्याची बी तोंडातून काढून हातात धरली. "मला वाटलंच," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत मी फायलीवर 'माहीत नाही' असं कधी लिहिलं नाही. 'तपासून सादर करावे' असं लिहिलं. एकदा तर माझाच अभिप्राय मी तपासून सादर करायला सांगितला होता. तिसरं उत्तर परत बसवायला किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

"बसवा. चौकोनाचं मी बघतो."

वीस मिनिटं गावानं आवळे खाल्ले. मग चैतूनं ठराव तिसऱ्यांदा वाचला आणि विचारलं, "जावईबापू, काय म्हनता?"

पेटीचा दिवा बराच वेळ लुकलुकला.

"माहीत नाही," पेटी म्हणाली.

गावानं टाळ्या वाजवल्या. दोन म्हाताऱ्यांना ऐकू आलं नव्हतं, पण इतर वाजवतात म्हणून त्यांनीही वाजवल्या. चैतूनं रीतीप्रमाणे पेटी उचलली आणि ज्याला माहीत आहे त्याच्या शेजारी, म्हणजे जैनीबाईच्या मांडीला लावून ठेवली.

मग जैनीबाई बोलू लागली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आधी काय दिसलं, वास्ते कधी थांबले, फुलं कोणत्या पंधरवड्यात आली, बी किती दिवस पडत राहिलं, वारा कुठून होता, आग कुठून उतरली. कथा सांगितल्यासारखं नव्हे. बाळंतपणाचं सांगावं तसं, वेळ आणि खूण, वेळ आणि खूण. ऊर्मिला शेजारी बसून टिपत होती. कितीतरी दिवसांनी ती आईला इतकी चिकटून बसली होती.

मध्येच पेटी म्हणाली, "एक प्रश्न."

सगळे दचकले. तिनं आजवर कोणाला काही विचारलं नव्हतं.

"बी पडायला लागल्यापासून उंदीर किती दिवसांनी गावात आले?"

जैनीबाईनं बोटं मोजली. "दोन अमावाशा गेल्यावर, जी. आला की नाही सुधरून," ती लेकीकडं वळून म्हणाली. "जे माहीत नाही ते विचारतो आता."

ठराव झाला. दुसऱ्या दिवशी कोयते लागले, पट्टे साफ झाले, कोठ्या लिंपल्या गेल्या. पुढं माघात राखलेल्या सातही रांज्या फुलल्या, आणि फाल्गुनात पहाडीच्या पलीकडून आलेली आग तिसऱ्या पट्ट्याशी येऊन थांबली. ऊर्मिलाच्या पेट्या दोनशे गावांत गेल्या; प्रत्येकीत तिसरं उत्तर होतं आणि प्रत्येक गावातल्या जाणत्या माणसाशेजारी तिला तीन महिने बसवायचं असा नियम होता. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पहाडीवर अजून टिळेकरसाहेबांचं भाषण व्हायचं होतं.

लिहून आणलेला कागद आवळ्यांच्या पाण्यानं भिजला होता, म्हणून ते मनानं बोलले आणि फार चांगलं बोलले. जे यंत्र आपलं अज्ञान कबूल करतं तेच माणसाच्या पंक्तीला बसू शकतं, असं काहीसं म्हणाले. चैतूला ते इतकं आवडलं की पुढच्या निवडणुकीसाठी त्यानं ते पाठ केलं. शेवटी साहेबांचा आवाज भरून आला. ते दोन पावलं पुढं झाले, पेटीसमोर उभे राहिले आणि कॅमेऱ्यांकडं अर्धं तोंड ठेवून म्हणाले, "हजारो वर्षं आम्ही फक्त बोलत आलो. आज आम्ही ऐकतो आहोत. हे अरण्या, साऱ्या मानवजातीला तुला काय सांगायचं आहे?"

वारा थांबला होता. जैनीबाईनंही कान दिला. ऊर्मिलानं आईचा हात धरला. दिवा लुकलुकला, आणि गेल्या तासाभरात जैनीबाईच्या मांडीशी बसून जो शब्द तिनं उचलला होता तो लावून पेटी म्हणाली,

"सोळा नंबरच्या सुईवर पाय पडला आहे. जरा काढता का, जी?"